आवाज संगीताचा आहे, कृपया नोंद घ्यावी

२७ जुलै, रविवार

आज पंचेचाळीस पूर्ण झाली. प्रेरणाने पुण्याहून भेट पाठवली, ती फोनवरच आली: वीस शनिवारांचा ऑनलाइन वर्ग, फ्लामेंको गायन, अगदी नवख्यांसाठी. मी म्हटलं, अगं, ते झालरीचे झगे घालून पाय आपटतात तेच ना? ती म्हणाली, "तो नाच, मम्मी. नाचणाऱ्याच्या मागे खुर्चीवर बसून एकजण जिवाच्या आकांताने गात असतो. तुला ते शिकायचंय."

ती आठवीत असताना एकदा शेंगा फोडता फोडता मी म्हणाले होते की गायचं राहून गेलं. पोरीने ते एवढी वर्षं लक्षात ठेवलं. मग आपल्याकडचंच काही शिकते ना, म्हटलं, तर म्हणते, "आपलं शिकलीस की चुका काढणारे दहा जण भेटतील. हे चुकलं तर तिथे कोणाला कळणार आहे?"

हे पटलं. डोणगावात फ्लामेंकोची चूक पकडेल असा माणूस नाही.

सरांना सांगितलं. यांना सगळं गाव सर म्हणतं, तेवीस वर्षांत मीही म्हणू लागले. शाळेचे मुख्याध्यापक, शिक्षक संघटनेचे सचिव, आणि माईक दिसला की आपोआप उठून उभे राहणारे. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, "चांगलं हाये. बाईमाणसाले जागतिक भान पाहिजेच. फक्त खिडकी लावून करजो."

बाबांना सांगितलं नाही. माझ्या सासऱ्यांना माझं गाणं आवडत नाही हे मला २००२ पासून माहीत आहे. मला पाहायला आले तेव्हा पाहुण्यांनी गाणं म्हणायला लावलं. एक झालं. दुसरं म्हणायला लावलं, तेही झालं. मग कोणीतरी म्हणालं, आता जरा उभं राहून म्हण. मी उभी राहिले, तिसऱ्या गाण्याची पहिली ओळ म्हटली, आणि बाबांनी हात वर करून सांगितलं, "बस."

लग्न ठरलं. गाणं तेवढं संपलं. नंतर गायले ते फक्त मेहकरला आमच्या कॉलेजात, दर वर्षी पाहुण्यांसाठी तेच एक स्वागतगीत. मी तिथे ग्रंथपाल. ग्रंथपालाकडे वाचणारे कोणी येत नसल्याने गळा मोकळा असतो, असा प्राचार्यांचा समज आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिला वर्ग. साडेतीन ते साडेचार. आमच्या घरात नेटवर्क फक्त मधल्या खोलीत धरतं, म्हणजे बाबांच्या खोलीच्या दाराला लागूनच. नाइलाज.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव रोसारियो. वय सत्तर, केस घट्ट बांधलेले, चेहरा भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखा. त्या स्पॅनिशमध्ये बोलतात आणि त्यांचा भाचा इंग्रजीत सांगतो. त्या पाच मिनिटं बोलतात, तो म्हणतो, "पुन्हा करा." वर्गात आम्ही सात. बाकी सहा जण मोठ्या शहरांतले, त्यांच्या मागे पुस्तकं, नाहीतर कुंड्या. माझ्या मागे कूलर.

गाण्याच्या आधी आवाज लावायचा असतो. त्याला शब्द नाहीत, नुसतं "आऽऽय". मी म्हटलं. बाई भाच्याकडे वळून काहीतरी बोलल्या. मग भाच्याने सांगितलं, "त्या म्हणतात, तुमचा आवाज फार धुतलेला आहे. इस्त्री केलेला. हे कोणाच्या स्वागताला म्हणत आहात का?"

त्यांना कसं कळलं?

१६ ऑगस्ट, शनिवार

आज ताल. बारा मात्रा आहेत, पण सरळ नाहीत. बाई म्हणाल्या, दोन लांब ढांगा टाका, तीन-तीन मात्रांच्या, मग तीन आखूड, दोन-दोनच्या. नाल्यातल्या दगडांवरून पलीकडे जावं तसं. शेवटची ढांग बाराव्यावर, तिथे पाय कोरडा पोचला पाहिजे. मी तासभर नाल्यात पडत होते.

त्यात बाबांचा त्रास. चार वर्षांपूर्वी लकवा झाला, तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि बोलणंही. "हाव" आणि "नाई" एवढं निघतं. बाकी सगळं डाव्या हातातल्या काठीने, लोखंडी पलंगाच्या कडेवर ठोकून. पाणी पाहिजे तर एक ठोका, लघवीला दोन. आज मी आवाज लावला की यांचं सुरू. मी दार लावून घेतलं तर पलंग मोडेल असं ठोकलं. उघडलं तर पुन्हा तेच: ठणऽऽ, ठणऽऽ, ठण ठण ठण. लांब, लांब, मग घाईघाईने तीन. पाणी नको, भांडं नको. नुसता विरोध. थकलेला हात, त्याला काय माहीत कुठे थांबायचं.

तेवीस वर्षांपूर्वी एका शब्दात थांबवलं होतं. आता शब्द नाहीत तर काठी.

२३ ऑगस्ट, शनिवार

कसं लिहू? लिहितेच.

आज मी मनावर घेतलं होतं की आवाज धुतलेला नको. सर मेहकरला संघटनेच्या सभेला गेले होते. उकडत होतं म्हणून खिडकी उघडी ठेवली. रोसारियोबाई म्हणाल्या, पोटातून. मी डोळे मिटले आणि पोटातून "आऽऽऽय" काढली. बाईंनी पहिल्यांदाच मान डोलावली. मी दुसरी काढली. तिसरी काढली.

डोळे उघडले तर दारात जनकाबाई. ही सरांची चुलती, शेजारच्याच घरात राहते. आजूबाजूच्या दहा गावांत कोणी गेलं की रडायला हिला बोलावतात. काय ती हेल काढते! गेलेल्याचं एकेक मोठेपण सुरात सांगते, मध्येच थांबून "चहा ठेवला का वो?" विचारते, आणि जिथे सोडलं तिथूनच पुढे धरते. तर ती दारातूनच पदर तोंडाला लावून सुरू झाली, "माह्या पुंजाजी दादाऽऽ, आता आमाले कोन रागवन वोऽऽ!"

तिच्यामागे गल्ली. ओट्यावर माणसं बसलीसुद्धा. पानठेला बंद झाला. मी ओरडून सांगत होते की बाबा जिवंत आहेत, पण रडणाऱ्या बायकांत एकीचं ओरडणं कोण ऐकतं? दोघी जणींनी मला धरून खाली बसवलं. एक म्हणाली, "पोटात ठेवू नको, मोकळी हो."

फोनवर सहा जण आणि रोसारियोबाई हे सगळं पाहत होत्या. भाचा म्हणाला, "त्या विचारतात, हे सगळे रोज तुमच्याबरोबर सराव करतात का?"

शेवटी बाबांनीच पलंगावर काठी ठोकली. एक ठोका. पाणी.

जनकाबाईचा हेल अर्ध्यावर तुटला. आत जाऊन तिने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अवं, हा तर हाये!" तिच्या आवाजात जरा तक्रारच होती.

२४ ऑगस्ट, रविवार

कालचं उरलेलं.

दयाराम, जो गावात कोणाच्याही मयतीला आधी धावतो, तो तेवढ्यात दोन बांबू घेऊन आला होता. आता ते परत न्यायला तयार नाही. तिरडीचे बांबू माघारी नेत नाहीत म्हणे. सर म्हणाले, "आपण अंधश्रद्धा मानत नाही." पण स्वतः बांबूला हात लावला नाही. बांबू अंगणात भिंतीला टेकून उभे आहेत.

गावच्या ग्रुपवर बाबांचा मतदान कार्डावरचा फोटो, "पुंजाजी इंगळे यांचे दुःखद निधन", आणि खाली एकशे बारा जणांचे हात जोडलेले. ते मेहकरच्या सभेत पोचलं. अध्यक्षांनी सभा थांबवून दोन मिनिटं मौन पाळलं. मग सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. हो, बोलले. चौदा मिनिटं. माझा फोन त्यानंतर लागला.

मी म्हटलं, "आधी घरी फोन नाही करायचा?"

"माईक हातात दिला होता, शीला."

मग म्हणाले, "भाषण मात्र चांगलं झालं. दोघं-तिघं रडले."

मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून जनकाबाईने पिठलं-भाकरी आणली होती. ती परत कशाला न्यायची? बाबांनी स्वतःच्या मयतीच्या दोन भाकरी खाल्ल्या. चार वर्षांत एवढं जेवलेले मी पाहिले नाहीत.

३० ऑगस्ट, शनिवार

सरांनी ग्रुपवर सूचना टाकली. उतरवून ठेवते: "सर्व ग्रामस्थांना जयभीम. दर शनिवारी दु. ३.३० ते ४.३० या वेळेत आमच्या घरातून येणारा आवाज हा संगीताचा आहे, कृपया नोंद घ्यावी. कोणीही धावून येऊ नये. – मुख्याध्यापक."

आता मी गायले की गल्लीत कुत्रंही मान वर करत नाही. एखाद्या बाईच्या आवाजाची गाव इतक्या लेखी स्वरूपात दखल घेत नाही. अभिमान वाटायला हवा.

बांबूच्या बुडाशी दोडक्याच्या चार बिया टाकल्या. उभे आहेतच तर काही कामाला येतील.

१३ सप्टेंबर, शनिवार

ओळी मिळाल्या. तीनच आहेत. अर्थ साधारण असा: विहिरीवर गेले, दोर आखूड निघाला. घरी परत आले. तहान तिथंच राहिली.

जनकाबाईला सांगितलं तर म्हणाली, "दोर पाहून न्यायचा होता बाईनं."

डिसेंबरच्या तेरा तारखेला, शेवटच्या वर्गात, प्रत्येकाने या तीन ओळी एकट्याने म्हणायच्या आहेत, आवाज लावण्यापासून बाराव्या मात्रेपर्यंत. ताल सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे पुन्हा पहिल्यापासून करतील. मी नाही करणार. मला एकदा, या घरात, कोणी "बस" न म्हणता एक गाणं शेवटपर्यंत म्हणायचं आहे. एवढंच आहे, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहिते.

बाबांचं ठोकणं चालूच. आज भाच्याने विचारलं, "तो आवाज कसला?" घरातलं कशाला सांगायचं? मी म्हटलं, शेजारी बांधकाम चालू आहे.

रोसारियोबाई ऐकत राहिल्या. मग भाचा म्हणाला, "त्या म्हणतात, तुमच्याकडचे गवंडी फार चांगले आहेत."

टोमणा होता. मी शरमेने माईक बंद केला.

२७ सप्टेंबर, शनिवार

बाबांचं आणखी एक. शनिवारी दुपारी जेवण झालं की खुंटीकडे काठी दाखवतात. पांढरा सदरा घालून पाहिजे, टोपी पाहिजे, पाठीशी उशी लावून बसवून पाहिजे. त्यांना वाटतं बाजारचा दिवस आहे. मी दर वेळी सांगते, बाबा, आज बाजार नाही. "हाव," म्हणतात. आणि टोपी काढू देत नाहीत.

जनकाबाई आली होती. मी कॉलेजात असते तेव्हा बाबांकडे तीच पाहते. आज वर्ग संपेपर्यंत ओट्यावर बसून होती. म्हणाली, "गळ्यातून काऊन काढते व सूनबाई? गळा बसन ना. ओटीपोटात हात दाब अन् मंग काढ. मेलेल्या माणसाले आयकू गेलं पाहिजे."

मी म्हटलं, "काकू, हे गाणं आहे."

"मंग मी काय भांडून राह्यली का?"

हिच्याकडून फुकट शिकून झालं असतं, असं वाटून हसू आलं. मग बोलता बोलता मी २००२ ची गोष्ट काढली. त्या पाहुण्यांत ती होती. म्हणाली, "तुले रडू येऊन राह्यलं होतं. त्याईचं आपलं चाललंच, उभी राय, चालून दाखव, आणखी एक म्हण. पुंजाजी दादा घरी येऊन सगळ्यायवर असा तापला! म्हने, पोरगी हाये का बाजारातली गाय? अन् पार्टीत ढोलकी वाजवलेला माणूस तो, त्याले काय सूर समजत नाही?"

जनकाबाई काहीही सांगते. मयतीत तर कंजूष माणसालासुद्धा कर्णाचा अवतार करून टाकते, ते काय मी ऐकलं नाही? बाबा तरुणपणी जलसा पार्टीत ढोलकी वाजवत, एवढं खरं. ती ढोलकी माळ्यावर आहे. कातडं उंदरांनी खाल्लं.

१ नोव्हेंबर, शनिवार

तिकडे बाईंच्या देशात थंडीत घड्याळ एक तास मागे घेतात, म्हणून वर्ग आता साडेचारला. सरकारने सांगितलं आणि लोकांनी ऐकलं, नवलच. सरांनी ग्रुपवर सुधारित सूचना टाकली. खाली कोणीतरी विचारलं, "सर, उन्हाळ्यात परत बदलन का?"

बाबांना कोण सांगणार? साडेतीनला टोपी घालून ठोकायला बसले. मी चहा दिला, नको. तासभर रागावून दाराकडे पाहत होते.

संध्याकाळी सर महिला मेळाव्याहून आले. "घराच्या चौकटीत कोंडलेला स्त्रीचा आवाज" या विषयावर बोलून आले होते. हात धुता धुता म्हणाले, "आज खिडकी उघडी होती का? चौकापर्यंत येऊन राह्यलं."

दोडक्याला फुलं आली. वेल बांबूच्या शेंड्यापर्यंत गेला आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज वर्ग नव्हता, बाई आजारी. बाबांनी साडेचारला सुरुवात केली. पाणी, नको. भांडं, नको. रेडिओ लावला तर काठीने तो खाली पाडला. दोडक्याची भाजी टाकायची होती, मी कांदा चिरता चिरता सहज ती विहिरीची ओळ गुणगुणले, तेव्हा कुठे शांत झाले. कांद्याच्या वासाने भूक आठवली असेल.

ताल अजून येत नाही. बोटांवर मोजते तेव्हा गाणं सुटतं, गाते तेव्हा बोटं सुटतात. आश्चर्य म्हणजे वर्गात म्हणताना कधीकधी बरोबर पडतं. कोणी नसताना कॉलेजच्या वाचनालयात म्हणून पाहिलं तर एकदाही नाही.

वाचनालयाचा आवाज घुमत असेल.

२ डिसेंबर, मंगळवार

शनिवारचं आज लिहिते.

साडेचारला वर्ग सुरू झाला. सर मेहकरला. बाबा टोपी घालून, उशीला टेकून. माझी पाळी पाचवी. मी ओटीपोटावर हात दाबला आणि आवाज लावला. पलंगावर ठोका पडला. मी पहिली ओळ घेतली. विहिरीवर गेले. दुसरा ठोका. दोर आखूड निघाला. मग ठण, ठण.

बारावा आला नाही.

मी थांबले. मला रागच आला, खरं सांगते. इतके दिवस नको तेव्हा ठोकलं आणि आता मला पाय टेकायचा तर हे गप्प. रोसारियोबाई हाताने खूण करत होत्या, चल, चल. मी दारातून आत पाहिलं. काठी हातात होती, उचललेली नव्हती. टोपी कपाळावर आली होती.

मी आत गेले. नंतरचं नीट आठवत नाही. माझ्या तोंडून काय निघालं ते माझं मलाच ओळखू आलं नाही. धुतलेलं नव्हतं.

किती वेळाने कोण जाणे, फोनकडे लक्ष गेलं. तो चालूच होता. रोसारियोबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या, एक हात छातीवर. हळूच म्हणाल्या, "ओले," म्हणजे त्यांच्याकडचं शाबास. भाचा म्हणाला, "त्या म्हणतात, हेच. ऑगस्टपासून त्या हेच मागत होत्या."

मी इंग्रजीत सांगितलं, माझे सासरे गेले. भाच्याने ते लगेच त्यांना सांगितलं नाही. मी फोन बंद केला.

मग ओट्यावर आले आणि ओरडले. रडले. नावाने हाका मारल्या. कोणी आलं नाही. पानठेल्यावर चार माणसं होती, एकाने घड्याळ पाहिलं. दयाराम मोटारसायकलवरून जाता जाता हात वर करून म्हणाला, "चालू द्या वहिनी, आज जोरात हाये!" समोरच्या घरातून कोणीतरी खिडकी लावून घेतली. सरांना फोन लावला, सभेत होते, त्यांनी कापला.

मी आत जाऊन बाबांची टोपी सरळ केली आणि पलंगाशेजारी खाली बसले. या तेवीस वर्षांत मी त्यांच्या एवढी जवळ कधी बसले नव्हते. भांडं द्यायला वाकले असेन, तेवढंच.

वर्गाची वेळ अजून संपली नव्हती, तेव्हा जनकाबाई आली. हात पिठाचे. दारातच उभी राहून म्हणाली, "काठी काऊन नाही वाजून राह्यली व?"

मी वर पाहिलं.

"तू तं रोजचीच बोंबलते, तिकडं कोन ध्यान देते. पन काठी वाजून राह्यली नाही, म्हनून आली. साऱ्या गल्लीले सवय हाये ना त्याची. सूनबाई म्हनते अन् म्हातारा धरते."

मग ती आत आली, बाबांच्या तोंडावरून पिठाचा हात फिरवला, आणि खाली बसली. हेल काढला नाही. दहा गावांत रडणारी जनकाबाई त्या दिवशी नुसती बसून होती.

दयाराम बांबूसाठी आला. वेलाकडे पाहत राहिला. दोन मोठे दोडके लोंबत होते. "राहू द्या," म्हणाला, "मी दुसरे आणतो." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवारी त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या. सर बोलायला उभे राहिले. भाषण तेच होतं, ऑगस्टमधलं. मध्ये एका वाक्याला थांबले, पुढचं आठवेना. माईक हातात आणि शब्द नाही, असं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. कोणीतरी हात धरून खाली बसवलं.

११ डिसेंबर, गुरुवार

वर्ग चालवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. आधी दुःख व्यक्त केलं आहे, दोन ओळी. मग तीन परिच्छेद: त्या शनिवारचं रेकॉर्डिंग फार अस्सल आहे, नव्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवायला परवानगी मिळेल का?

सर म्हणाले, "देऊन टाक. खाली लिहा म्हणावं, डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा."

मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "नको देऊ."

मी एका शब्दाचं उत्तर पाठवलं. मग ही वही सुरुवातीपासून वाचत बसले. सोळा ऑगस्टचं पान दोनदा वाचलं. वर रोसारियोबाईंचा ताल लिहिला आहे, खाली बाबांची तक्रार. मध्ये पाच ओळींचं अंतर. अक्षर माझंच आहे.

बोटांवर मोजलं. बारा.

१३ डिसेंबर, शनिवार

जाणार नव्हते. चार वाजता जनकाबाई आली आणि बाबांच्या रिकाम्या लोखंडी पलंगावर चढून बसली. काठी कोपऱ्यात होती, ती घेतली. म्हणाली, "लाव तुहा फोन. आज तुही परीक्षा हाये म्हने."

"काकू, तुम्हाले ताल येते का?"

"नाही येत. तुले तरी कुठं येत होता?"

सर घरी होते. मधल्या खोलीत आले, मला वाटलं खिडकी लावायला. त्यांनी कूलर सरकवून स्वतःसाठी खुर्ची ठेवली. मग ग्रुपवर काहीतरी टाइप करत बसले. दाखवलं नाही. पण थोड्या वेळाने दयाराम ओट्यावर येऊन बसला, आणखी दोघं-तिघं आले, समोरची खिडकी उघडली.

मी शेवटची होते. पोटावर हात दाबला. आवाज लावला. जनकाबाई ठोकायला लागली. लांब नाही, आखूड नाही, सगळीकडे सारखं, उखळात मिरची कांडावी तसं. मी तिच्यावरून उड्या मारत गेले. दोन जागी नाल्यात पडले, उठले. तहान तिथंच राहिली, तिथपर्यंत पोचले. बाराव्यावर जनकाबाई ठोकतच होती. मी थांबले. कोणी "बस" म्हणालं नाही.

रोसारियोबाई पुढे वाकल्या. मग काहीतरी बोलल्या. भाचा म्हणाला, "ताल सुटला. पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या विचारतात, गवंडी बदलला का?"

मी म्हटलं, हो.

जनकाबाईने विचारलं, "काय म्हनते वो ते?"

"हात चांगला हाये म्हणते."

"हायेच मंग," म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आधीच ठोकायला लागली.